आपला माळ ओसाड नाही

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. पिकाखाली येऊ न शकणारी, मुरमाड, खडकाळ जमीन म्हणजे पोटखराबा. गावाबाहेरच्या उघड्या माळाला आपण पडीक म्हणतो, आणि उर्दू बोलणाऱ्या घरांत त्यालाच वीराना म्हणतात. तिन्ही शब्दांचा अर्थ जवळपास एकच, इथे काही नाही. बीड जिल्ह्यात अशी जमीन भरपूर आहे. 10,693 चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात दाट जंगल नावालाच उरले आहे. त्यामुळे वन्यप्राणी म्हटले की आपल्या मुलांना ताडोबा आठवतो, मेळघाट आठवतो. आपल्याकडे काय, तर पाटोदा तालुक्यातले नायगावचे मयूर अभयारण्य आणि बालाघाटाच्या उतारावरची सीताफळे, इथे आपली यादी संपते.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे एक गोष्ट सांगाविशी वाटते. ‘जंगल’ हा शब्द आज आपण घनदाट झाडीसाठी वापरतो, पण त्याचे मूळ असलेल्या संस्कृतमधल्या ‘जांगल’ शब्दाचा अर्थ होता कोरडा, मोकळा, तुरळक झाडांचा प्रदेश. म्हणजे आपल्या बीडसारखाच. मराठीतला ‘रान’ हा शब्दही शेत, माळ आणि अरण्य या तिघांना सामावून घेतो. जुन्या शब्दांना जे ठाऊक होते ते आपण विसरलो, आणि आता विज्ञान तेच नव्या साधनांनी दाखवून देत आहे. त्यातल्या दोन साधनांची ओळख वाचक बंधू-भगिनींना करून द्यावी, म्हणून हा लेखप्रपंच. एक साधन आकाशातून बघते, ते म्हणजे उपग्रह. दुसरे जमिनीवर पडलेल्या विष्ठेतून बोलते, ते म्हणजे डीएनए.

ते आले कुठून?

नोव्हेंबर 2020 आठवा. आष्टी तालुक्यात काही दिवसांच्या अंतराने बिबट्याने तिघांचा बळी घेतला. त्यात एक लहान मुलगाही होता. तुरीला पाणी द्यायला रात्री कोणी जाईना. मुलांना अंगणात सोडायची भीती वाटू लागली. पुढे करमाळा तालुक्यातही माणसे दगावली आणि डिसेंबर 2020 मध्ये तिथेच त्या बिबट्याला गोळी घालून मारण्यात आले. त्या दिवसांत मोबाइलवर अफवांचा पूर आला होता. कोणी म्हणे दहा बिबटे आहेत, कोणी म्हणे रात्री गाडीतून आणून सोडले.

मग डिसेंबर 2024 मध्ये आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा असल्याचे वनविभागाने ओळखले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. टिपेश्वर ते येडशी हे अंतर सुमारे 500 किलोमीटर. मधे शेती आहे, गावे आहेत, महामार्ग आहेत, धरणे आहेत. तरी तो आला.

याचा अर्थ असा की, ज्या पट्ट्यात आपल्याला ‘काहीच नाही’ असे वाटत होते, तिथून प्राण्यांची वाट जाते. नाले, ओढ्याकाठची झुडपे, डोंगरकडे, गायराने, उसाचे फड, हे सगळे जोडले की त्यांचा रस्ता तयार होतो. आपल्या नकाशावर तो नसतो, एवढेच.

विष्ठेतली ओळखपत्रे

हा रस्ता शोधायचा कसा? प्रत्येक प्राण्याच्या मागे माणूस धावू शकत नाही. लांडगा, तरस, बिबट्या तर दिवसा दिसतही नाहीत. पण जातील तिथे ते विष्ठा टाकतात, आणि पायवाटेवर, धुऱ्यावर, दगडावर मुद्दाम टाकतात, कारण त्यांच्यासाठी ती हद्दीची खूण असते.

विष्ठा आतड्यातून बाहेर येताना तिच्या वरच्या थराला आतड्याच्या पेशी चिकटतात. त्या पेशींत त्या प्राण्याचा डीएनए असतो. संशोधक हातमोजे घालून विष्ठेचा हा वरचा थर जपून काढतात, अल्कोहोलमध्ये किंवा ओल शोषणाऱ्या पुडीसोबत बाटलीत ठेवतात, जागेचे अक्षांश-रेखांश टिपतात आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात. पहिला, हा प्राणी कोणता? बिबट्याची विष्ठा की कुत्र्याची, हे डोळ्यांनी सांगताना चूक होऊ शकते, डीएनए ती चूक टाळतो. दुसरा, नर की मादी? आणि तिसरा, नेमका कोणता? डीएनएमध्ये काही जागी अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो हे प्रत्येक प्राण्यात वेगळे असते. अशा पुरेशा जागा तपासल्या की एकेका प्राण्याची ओळख पटते. शंभर नमुने गोळा केले आणि ते तीसच प्राण्यांचे निघाले, असेही कळते. हल्ला झालेल्या ठिकाणी लाळ मिळाली, तर तो एकाच प्राण्याचा प्रताप आहे की अनेकांचा, हेही याच रीतीने तपासता येते. अफवेला याहून चांगले उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट कळते, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची. दूरदूरच्या दोन जंगलांतल्या प्राण्यांचे डीएनए ताडून पाहिले तर त्यांच्यात नातेसंबंध आहेत की नाहीत हे समजते. सोयरीक चालू असेल तर वाट मोकळी आहे. सोयरीक तुटली असेल तर मधे काहीतरी आडवे आले आहे. वाट तुटलेली जमात आतल्या आत पैदास करत राहते, पिढ्यान्‌पिढ्या अशक्त होत जाते, आणि एखाद्या साथीत संपू शकते.

आकाशातली नजर

आता दुसरे साधन. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह 1972 पासून पृथ्वीची छायाचित्रे घेत आहेत. भारताचा दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-1ए मार्च 1988 मध्ये आकाशात गेला. दूरसंवेदन म्हणजे वस्तूला हात न लावता दुरून तिची माहिती घेणे. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद असतो, म्हणजे साधारण नऊ गुंठे. युरोपच्या सेंटिनल-2 उपग्रहाचा ठिपका 10 मीटरचा, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. तुमच्या शेतातला एकेक गुंठा आकाशातून वेगळा दिसतो, आणि तोही दर काही दिवसांनी नव्याने.

हा उपग्रह आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपतो. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतल्या फरकावरून कुठे किती हिरवळ आहे ते मोजता येते. वर्षभराची चित्रे एकापुढे एक ठेवली की जमिनीचा स्वभाव कळतो. ऊस वर्षभर हिरवा राहतो. ज्वारी काही महिने हिरवी असते. माळावरचे गवत मृगाच्या पावसाने उगवते आणि दिवाळीनंतर सोनेरी होते.

मात्र यंत्राला काय शोधायला सांगायचे, हे माणूस ठरवतो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 1987 पासून उपग्रहाच्या चित्रांवरून देशाच्या वनांचा अहवाल काढते. त्यात वन कशाला म्हणायचे? किमान एक हेक्टर क्षेत्र, आणि त्यातल्या किमान 10 टक्के भागावर झाडांच्या शेंड्यांची सावली. जमीन कोणाची आणि झाडे कुठली याला महत्त्व नाही. म्हणजे मोठी आमराई वनात मोजली जाईल, आणि काळवीट, लांडगे, खोकड, चंडोल यांनी भरलेला माळ मोजला जाणार नाही. त्याची नोंद पडीक जमिनीच्या खात्यात.

ही त्रुटी काही शास्त्रज्ञांना खटकली. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या दोघांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या कोरड्या भागांतल्या नैसर्गिक मोकळ्या रानांचा नकाशा तयार केला. 2022 मध्ये तो प्रसिद्ध झाला. देशाच्या भूभागापैकी सुमारे 10 टक्के जमीन अशी आहे, आणि तिच्यातला 5 टक्के भागही अभयारण्यांत किंवा राष्ट्रीय उद्यानांत नाही, असे त्यातून दिसले. दख्खनच्या पठाराचा, म्हणजे आपलाही, यात मोठा वाटा आहे.

दोन्ही एकत्र आल्यावर

एका हातात विष्ठेतून मिळालेले नाते आणि दुसऱ्या हातात आकाशातून घेतलेला नकाशा आला, की खरी उत्तरे मिळू लागतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या जंगलांमधून वर्षानुवर्षे नमुने गोळा केले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर या चार प्राण्यांची तुलना आहे. वस्त्या आणि वर्दळीचे रस्ते वाढले की सर्वांत जास्त अडचण वाघाची होते आणि सर्वांत कमी रानमांजराची, असे त्यात आढळले. म्हणजे एकच रस्ता एकाला भिंत असतो आणि दुसऱ्याला उंबरठा.

टिपेश्वरच्याच आणखी एका नर वाघाची कथा जगभर गाजली. त्याच्या गळ्यात वनविभाग आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी उपग्रहाशी जोडलेला पट्टा बसवला होता. जून 2019 मध्ये तो टिपेश्वरहून निघाला आणि डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्टा काढेपर्यंत त्याची एकूण चाल 3,000 किलोमीटरहून जास्त झाली होती. तो बहुतेक रात्री चालला, ओढे आणि शेताच्या कडा धरून चालला, आणि हजारो लोकांच्या उशापासून गेला तरी त्यांना पत्ता लागला नाही.

माळावरचा मालक

वाघ आपल्याकडे पाहुणा. माळाचा खरा मालक लांडगा. आणि त्याच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे ठिकाण आपल्या शेजारीच, सोलापूरजवळ नान्नजला आहे. माळढोक पक्ष्यासाठी राखलेल्या त्या अभयारण्यात बिलाल हबीब या तरुण संशोधकाने लांडग्यांचा माग काढला. त्यांच्या मार्गावरून आणि नकाशांवरून लांडग्याला राहायला कोणती जमीन योग्य आहे याचे गणित मांडले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने 2007 मध्ये त्यांना यासाठी पीएचडी दिली. पुढे ते देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत शास्त्रज्ञ झाले.

या लांडग्याचा डीएनए काय सांगतो? 2004 च्या एका अभ्यासात आणि नंतर 2021 मध्ये संपूर्ण जनुकसंच तपासून केलेल्या अभ्यासात, ज्यात बिलाल हबीब हेही होते, असे दिसले की भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांची अतिशय जुनी आणि वेगळी शाखा आहे. युरोप-अमेरिकेतल्या लांडग्यांपासून ती फार पूर्वीच फुटली. आणि संख्या? 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात सुमारे 3,100 लांडगे, म्हणजे वाघांएवढेच. वाघासाठी राखीव जंगले आहेत. लांडग्याचे घर मात्र आपल्या सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लिहिलेले आहे.

त्याच्यापुढे एक नवे संकटही उभे आहे. पुण्याजवळच्या माळांवर निसर्गप्रेमींना वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले. त्यांनी फोटो काढून ठेवले. पुण्याची द ग्रासलँड्स ट्रस्ट, बंगळुरूची एट्री आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांनी मिळून त्यांचा डीएनए तपासला. 2023 मध्ये जाहीर झाले की हे लांडगा आणि कुत्रा यांचे संकर आहेत. भारतात असा संकर डीएनएने सिद्ध होण्याची ही पहिली वेळ. गावाबाहेर आपण टाकलेल्या कचऱ्यावर, कोंबड्यांच्या दुकानांच्या उकिरड्यावर मोकाट कुत्री वाढतात आणि माळावर जातात. त्यांच्यातून रोगही पसरतात आणि हजारो वर्षांची जात मिसळून जाते.

आपल्या घराचा यात काय संबंध?

हे सगळे वाचून एखादी भगिनी म्हणेल, आमच्या घरी दोन बकऱ्या आहेत, लांडगा त्या उचलतो, त्याचे कौतुक कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी घरे शेळीपालनावर चालतात. ईदुल अजहाच्या बाजारात चांगला दाम मिळावा म्हणून वर्षभर जीव लावून बोकड वाढवला जातो. तो एका रात्रीत गेला तर घराचे वर्षाचे गणित कोसळते. धनगर बांधवांचे दुःखही तेच आहे.

पण ज्या गायरानावर लांडगा राहतो, त्याच गायरानावर ती बकरी चरते. माळ नांगरला, मुरूम उपसून नेला, त्यावर उकिरडा केला, तर आधी बकरीचा चारा जातो. काळवीट आणि ससे संपले की लांडग्याला बकरीशिवाय काही उरत नाही. माळ जगला तर दोघांचेही भागते.

आपल्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगार तर या प्रश्नाच्या अगदी तोंडाशी राहतात. दर हंगामात हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात जातात, उसाच्या फडाशेजारी कोप्यांत मुले घेऊन झोपतात. त्यांत आपल्या समाजाचीही घरे आहेत. बिबट्याच्या नजरेने पाहिले तर उसाचा फड म्हणजे गर्द झाडीच. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात, जंगल नसलेल्या बागायती भागात, कॅमेरे लावून मोजणी केली. तिथे दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस आढळले. त्याच भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केल्यावर दिसले की त्यांच्या आहारात 87 टक्के वाटा पाळीव आणि गावठी जनावरांचा होता. एकट्या कुत्र्यांचाच वाटा 39 टक्के होता, बकऱ्यांचा फक्त 11 टक्के, जरी त्या भागात कुत्र्यांपेक्षा बकऱ्या सातपट जास्त होत्या. कारण साधे आहे. बकरी रात्री कोंडलेली असते, कुत्रा मोकाट असतो. कुत्रा वस्तीजवळ असतो, म्हणून बिबट्याही वस्तीजवळ येतो.

यातून घरोघरी करता येण्यासारख्या गोष्टी निघतात. बकऱ्यांचा गोठा रात्री वरून आणि चारी बाजूंनी बंद असावा, नुसती काटेरी कुंपणे पुरत नाहीत. कुर्बानीचे आणि दुकानाचे अवशेष उघड्यावर न टाकता खोल पुरावेत. स्वच्छतेची शिकवण आपल्याला नवी नाही, तिचा संबंध बिबट्याशीही आहे एवढेच इथे सांगायचे. कोपीवर असताना मुलांना अंधारात एकटे सोडू नये, झोपताना त्यांना मधे घ्यावे. लांडग्याने किंवा बिबट्याने जनावर मारले तर ते जागेवरून हलवू नये आणि 48 तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवावे. शासनाची नुकसानभरपाई आहे, पण पंचनामा झाला तरच ती मिळते. वनविभागाचा मदत क्रमांक 1926 आहे, तो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. विष घालणे हा गुन्हा आहे, आणि ते विष आपल्या जनावरापर्यंत आणि पाण्यापर्यंतही पोहोचते.

मुला-मुलींसाठी

दहावी-बारावीनंतर काय, हा प्रश्न घेऊन पालक आमच्याकडे येतात. विज्ञान शाखा म्हटले की डॉक्टर किंवा इंजिनीअर, आणि नीटचे गुण कमी पडले की मुलीचे शिक्षण थांबते. त्यांना आम्ही आवर्जून सांगतो की जीवशास्त्र आणि भूगोल या दोन विषयांतून कितीतरी वाटा निघतात. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. इस्रोची देहरादून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्था घरबसल्या करता येणारे मोफत अभ्यासक्रम चालवते. डीएनएचे बरेचसे काम प्रयोगशाळेत आणि नकाशाचे काम संगणकावर होते, त्यामुळे ‘मुलगी रानात कशी जाईल’ ही काळजीही सगळ्या वाटा अडवत नाही. आणि जिला रानात जायचे आहे तिला पुढे जाऊन वाट दाखवणाऱ्या विद्या अत्रेय आणि उमा रामकृष्णन आहेतच.

पदवीपर्यंत थांबायचीही गरज नाही. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ मोबाइलवर मोफत उघडते. आम्ही वर्गात ते उघडून मुलांना आपापले गाव शोधायला सांगतो. घर सापडले की शोर होतो. मग आम्ही विचारतो, गावाभोवती जिथे पीक नाही, इमारत नाही, तिथे काय आहे? सुरुवातीला सगळे म्हणतात, “सर, कुछ नहीं है.” मग एखादा धीटपणे उठतो आणि सांगतो की तिथे त्याचे दादाजान बकऱ्या चारतात, तिथे मोर ओरडतो, तिथे एकदा अब्बांनी लांडगा बघितला होता. फळ्यावरची यादी भरत जाते. मुलांना हे सगळे आधीपासून ठाऊक असते, ते माहिती म्हणून मोजले जाते हे मात्र त्यांना पहिल्यांदा कळते.

हेच आता मोठ्यांनीही करायचे आहे. ग्रामसभेत गायरानाचा विषय येतो तेव्हा आपण गप्प बसतो, कारण ‘पडीक तर आहे’. कोणी तिथे मुरूम उपसायला, कोणी अतिक्रमण करायला, तर कोणी कचरा टाकायला तयार असतो. विकासाची कामे व्हावीतच, पण जागा निवडण्याआधी तिथे कोण राहते आणि कोणाची जनावरे चरतात, हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्रामस्थाला आहे. येत्या ग्रामसभेत घरातल्या एकाने तरी हजर राहावे आणि हा प्रश्न कागदावर नोंदवून घ्यावा. सातबाऱ्यावरचा शब्द आपल्याला बदलता येणार नाही. पण आपल्या बोलण्यातला ‘वीराना’ आणि ‘पडीक’ आपण आजपासून बदलू शकतो. त्याला माळ म्हणू या, रान म्हणू या.